अनंताला सप्तापूरचं पाणी

अनंत लावू नका, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मोगरा लावा, जास्वंद लावा, तगर तर दुर्लक्ष केलं तरी फुलते. अनंताचं सगळं पहिल्या दिवाळीच्या जावयासारखं. ऊन हवं पण दुपारचं नको, पाणी हवं पण साचलेलं नको, जरा जागा हलवली की रुसून सगळ्या कळ्या गाळून टाकणार. आणि माती तांबडीच हवी. आमच्या हुबळीतल्या केशवापूरच्या घरची माती काळी. पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्या मातीत मी चौदा वर्षं अनंत जगवला. हौस म्हणून नाही. त्याच्या निमित्ताने अप्पा दर रविवारी घरी येत होते, म्हणून.

अप्पा म्हणजे माझे वडील. धारवाडला सप्तापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. आई मी शाळेत असतानाच गेली. मी त्यांची एकुलती एक. खोल्यांच्या मागे विहीर आणि विहिरीच्या कडेला डोक्याएवढा उंच अनंत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं आणि मी हुबळीला आले. सासरची माणसं मूळची मिरजेकडची, बाजारात कापडाचं दुकान. त्या पावसाळ्यात अप्पांनी अनंताची पेन्सिलीएवढी फांदी कापली, खालची पानं काढली, वाळूत खोचली आणि वर काचेची बरणी उपडी घातली. मुळं धरल्यावर ते रोप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, डबा मांडीवर ठेवून, बसने माझ्याकडे घेऊन आले.

सासूबाई तांब्या-भांडं आणि चहा घेऊन बाहेर आल्या. अप्पांनी हात जोडले.

"बेडा विहीणबाई, नको. रीत आहे आमच्यात. नातवाच्या हातून पिईन की."

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही ती रीत. तेव्हाही फारसं कुणी पाळत नव्हतं. अप्पा पाळत होते. सगळे हसले, मीही लाजून हसले. बावीस वर्षांची होते. वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न, असंच सगळ्यांना वाटलं.

तीन महिन्यांत रोप पिवळं पडलं. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकीचं पान हळद लावल्यासारखं. अप्पांनी एक पान बोटांत चोळून पाहिलं.

"माती बाधली गं. आणि तुमचं हे बोअरचं पाणी."

बोअरच्या पाण्याने आमच्या बादल्यांनाही पांढरा थर धरायचा. नळ यायचा आठ-आठ दिवसांनी, ते पाणी माणसांनाच पुरत नसे, झाडाला कोण घालतंय? पुढच्या रविवारी अप्पा आले ते तांबड्या मातीच्या दोन पिशव्या आणि विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. अर्ध्या वाटेवरच्या नवनगरपर्यंत उभ्याने आले म्हणे, आणि कंडक्टरशी भांडून. कोपरभर खोल खड्डा खणून त्यांनी काळी माती उपसली, तांबडी भरली, झाड पुन्हा लावलं. रोज एक तांब्या, आणि तोही कॅनमधलाच, अशी मला ताकीद दिली. मग पायरीवर बसून त्यांनी गळ्यातली प्लास्टिकची बाटली उघडली आणि घरून आणलेलं पाणी प्यायले.

त्यानंतर दर रविवारी हेच. आठवड्याचे दोन कॅन झाडाला, गळ्यातली बाटली त्यांना. झाड तिसऱ्या वर्षी फुललं. दारातून आत येईपर्यंत वास यायचा, जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. सासूबाई पहिलं फूल देवाला वाहायच्या, दुसरं माझ्या केसांत खोचायच्या. अप्पा एक फूल शर्टाच्या खिशात घालून न्यायचे. फूल देवाचं, ते चालतं, असं त्यांचं शास्त्र. धारवाडला पोचेपर्यंत ते पिवळं पडत असणार.

मला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, उपास झाले, कुणी सांगितलेले दोरे बांधून झाले. त्याबद्दल लिहायचा मला कंटाळा आहे. इतकंच सांगते की घरात कुणी वाकडा शब्द बोललं नाही. नवरा बोलला नाही, सासूबाईंनी कधी टोमणा मारला नाही. पण रविवारी सकाळी गेट वाजायचं, आणि अप्पांच्या आधी मला त्यांच्या गळ्यातली बाटली दिसायची. माझा निकाल दर आठवड्याला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतंय, असं वाटायचं. मला त्या बाटलीचा राग यायचा. अप्पांचाही यायचा. माझ्या दारात बसून माझ्या झाडाला पाजतात आणि माझ्या घरचा घोट नको, हे कसलं प्रेम?

एकदा मी बोललेच. "अप्पा, नाहीच झालं मूल तर? जन्मभर असेच बाटली गळ्यात अडकवून येणार काय?"

ते वाळलेली पानं खुडत होते. हात थांबला नाही.

"मी पाणी प्यालो तर काय होईल सांगू? देव म्हणेल, बापानंच आशा सोडली, मग मी कशाला बघू. तसं नको गं."

मी आत गेले आणि भांडी जोरजोरात घासली.

असंच चाललं असतं. पण एका एप्रिलमध्ये ते बाटली बसमध्ये विसरले. दुपारी पोचले तेव्हा कॅनच्या ओझ्याने आणि उन्हाने चेहरा काळा पडला होता, ओठांना पापुद्रे सुटले होते. भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. अप्पांनी मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अप्पांकडे, आणि मग माझी नजर कॅनवर गेली. मी कॅन उघडला, भांडं भरलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"हे आमचं नाही. तुमच्याच विहिरीचं आहे, सप्तापूरचं. प्या आता."

त्यांनी भांड्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. रीत आडवी येते का, हे मनात तपासत असणार. मग एका दमात प्यायले, आणखी एक भांडं प्यायले.

"सुंभ जळला तरी पीळ जाईना," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्या दिवसापासून बाटली बंद झाली. अप्पा आले की मी झाडाच्या कॅनमधलं पाणी त्यांना द्यायची. चहा मात्र नाही. सासूबाई विचारायच्या, ते हात जोडायचे. माझा राग थोडा निवला. सगळा नाही.

पुढे ते रिटायर झाले, गुडघे धरले. दोनाचा एक कॅन झाला, मग दर रविवारचा एक रविवार आड झाला. त्याच सुमारास सप्तापूरच्या घरमालकाने विद्यार्थ्यांसाठी मागे खोल्या काढायला घेतल्या. अनंत तोडला आणि विहिरीवर स्लॅब टाकला. अप्पांनी हे मला फोनवर सांगितलं, बाजारात कांदे महागले असं सांगावं तसं. शेवटचा कॅन मी जपून वापरला. तीन आठवड्यांत तोही संपला. मग मी अनंताला जे मिळेल ते घालायला लागले, बहुतेक बोअरचं. मी थकले होते. तोवर मी छत्तिशी गाठली होती. डॉक्टरांच्या फायली बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. हे नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत होतं. अप्पांना सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

महिनाभराने अप्पा आले. रिकाम्या हातांनी. पायरीवर बसले, झाडाकडे बघत राहिले. पानं पुन्हा पिवळी झाली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. एक पान बोटांत चोळून त्यांनी टाकून दिलं.

"त्यातलं असेल काय गं थोडं?" त्यांनी विचारलं. "कॅनमधलं?"

"आहे की," मी म्हणाले.

आत जाऊन मी माठातलं पाणी रिकाम्या कॅनमध्ये ओतलं, कॅन बाहेर आणला आणि त्यांच्यासमोर त्यातून भांडं भरलं. बापाला फसवतेय, असं वाटत होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. ते अर्धं भांडं प्यायले आणि थांबले. पाणी तोंडात घोळवलं. विहिरीचं पाणी ते तीस वर्षं प्यायले होते.

"पाणी बदललंय," ते म्हणाले.

दारात सासूबाई उभ्या होत्या. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. फायली माळ्यावर गेल्याचं मी न सांगता त्यांना कळलं, हे मला तेव्हाच कळलं. मग त्यांनी उरलेलं अर्धं भांडं संपवलं आणि रिकामं भांडं माझ्यापुढे धरलं.

"अजून एक दे. आणि ते कॅनमध्ये ओतत बसू नको, माठातलंच आण."

मी आणलं. ते सावकाश प्यायले. तहान त्यांची भागली आणि आशा आमच्या दोघांची सुटली, आणि मला त्यात सुटल्यासारखंही वाटलं, म्हणून रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, ते चहाचं विचारत होता ना? टाका की."

सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी आधण ठेवलं.