झालं, लाव पंखा!

शोभावहिनीचा फोन आला तेव्हा मी वैतागूनच उचलला. “येते गं बाई, संध्याकाळी म्हटलं होतं ना त्याला!” सकाळीच नंदूदादानं मला फर्मावलं होतं, कॅमेऱ्याचा सेन्सर साफ करायचाय, टॉर्च धरायला ये. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाली, “मंजू, लवकर ये. हे उठूनच नाही राहिले...” जबलपूरच्या गढा भागातल्या त्यांच्या घरी मी पोचले तोवर डॉक्टर येऊन, मान हलवून गेलेसुद्धा होते. सकाळी माझ्यावर खेकसलेला धडधाकट माणूस! असं कसं होऊ शकतं? मला तर आजही पटत नाही.

नंदूदादा माझा आतेभाऊ. कॉलेजात गणित शिकवायचा, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. भेडाघाटला मूर्ती घडवणाऱ्यांचे फोटो काढायला जायचा आणि हा शहाणा त्यांच्या दुकानातच उभं राहून लेन्स बदलायचा. हवेत संगमरवराची भुकटी तरंगत असायची, ती थेट कॅमेऱ्यात. मग नर्मदेवरच्या आभाळात, प्रत्येक फोटोत, काळे ठिपके. “काहून बदलतोस तिथं?” मी भांडायची. “अगं, त्या कारागिराचे हात बघशील तर तूही बदलशील,” म्हणे. आणि बाहेर साफ करायला द्यायचं नाव नाही. त्याच्या कॅमेऱ्याला परका हात चालायचा नाही.

म्हणून घरीच तो सोहळा. खिडक्या बंद, फरशीवर ओलं फडकं फिरवलेलं, दादाच्या अंगात नुसतं बनियन, आणि पंखा बंद. जबलपूरचा मे महिना आणि पंखा बंद! बटणाशी वहिनी, टॉर्च घेऊन मी. दादा कॅमेऱ्यातला आरसा वर उचलून ठेवायचा, रबरी फुग्यानं आत वारा मारायचा, मग चपट्या काडीवर औषधाचे थेंब टाकून सेन्सरवरून ती फिरवायचा. एका बाजूनं, एकदाच. आम्ही श्वाससुद्धा चोरून घ्यायचो. लेन्स बसली की तो ओरडायचा, “झालं, लाव पंखा!” वहिनी बटण दाबायची आणि आम्ही तिघं तोंडं वर करून वारा खात बसायचो.

त्या दिवशी त्याला धीर धरवला नाही. माझी वाट न बघता एकटाच बसला. वहिनीनं पंखा बंद केला आणि ती गॅस बारीक करायला आत गेली. परत येते तर हा टेबलावर डोकं टेकून... शेजारचे धावले, कुणीतरी पंखा लावला. तशी वहिनी किंचाळली, “पंखा बंद करा! कॅमेरा उघडा आहे!” लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. अहो, कॅमेरा खरंच उघडा होता! मी पोचले तेव्हाही ती तेच ओरडत होती. मग मीच पंखा बंद केला आणि कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

तेव्हापासून त्या खोलीतला पंखा कुणी लावला नव्हता. वहिनी लावू द्यायची नाही, स्वतः मात्र दिवसभर तिथंच बसायची. रडली नाही, एक टिपूस नाही. त्या उकाड्यात एकदा चक्कर येऊन पडली. तिची लेक हात जोडून मला म्हणाली, “आत्या, आप बोलो ना आईला! माझं तर काही ऐकूनच नाही राहिली.” मी समजावलं, “वहिनी, झाकण लावलंय गं, धूळ नाही जायची.” ती म्हणाली, “काम अर्धं आहे ना पण त्यांचं.”

अच्छा, म्हटलं, चलो, मग पुरं करू. गेल्या रविवारी मी दादाच्या खुर्चीवर बसले. वहिनीनं खिडक्या लावल्या, फडकं फिरवलं, टॉर्च धरली. मी काडी फिरवली. एका बाजूनं, एकदाच. लेन्स बसवली आणि घाम पुसत बसून राहिले. बघते तर वहिनी बटणावर बोट ठेवून तशीच उभी, माझ्याकडे बघत. दाबत का नाही ही? मग लक्षात आलं.

“झालं, वहिनी... लाव पंखा.”

तिनं बटण दाबलं. आणि भिंतीला टेकून, एवढ्या दिवसांनी, मोठ्यानं रडली.