शाळेत पोलीस हवा की नको आणि आमची बाजू

माझी मुलगी दीड वर्ष शाळेच्या वादविवाद संघात होती आणि त्या दीड वर्षात ती समोर उभं राहून एक वाक्यसुद्धा बोलली नव्हती. ती राखीव होती. म्हणजे दुसऱ्यांच्या भाषणांची वेळ मोजायची, घंटी वाजवायची, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या. एका बुधवारी ती बूट न काढताच घरात घुसली आणि ओरडली, "आई, आय ॲम स्पीकिंग! पुढच्या पुढच्या सॅटरडेला! फॉर रिअल, ओके!" संघातल्या एका मुलीला कांजिण्या झाल्या होत्या. मला खरं तर त्या बिचारीबद्दल वाईट वाटायला हवं होतं. मी टाळ्या पिटल्या.

अट मात्र कडक होती. त्यांच्या कोच मॅडमनी सांगितलं होतं, हा एक सामना नीट बोललीस तर वर्षभर जागा तुझी, नाहीतर परत घंटी. पंधरा वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठं काय असतं? दोन दिवस ती जेवताना पाय हलवत होती. आणि विषय होता, सरकारी शाळांमध्ये कायमचा पोलीस नेमावा.

विषय ऐकला आणि माझ्या अंगातच आलं. पुण्यात शाळेत असताना मी वक्तृत्वाच्या ढाली घरी आणायचे. आमच्या घराची पद्धत ठरलेली होती. विषय आला की वडील भाषण लिहून द्यायचे, मी ते घडाघडा पाठ करायचे, आणि कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, कुठं दोन्ही हात पसरायचे हे सगळं समासात तांबड्या पेनानं लिहिलेलं असायचं. सिंगापूरला येऊन बारा वर्षं झाली, तोंडानं दिवसभर सॉफ्टवेअरच्या मीटिंगांमध्ये "नोटेड" आणि "विल डू" म्हणतेय, पण ती तांबडी पेनं आत कुठंतरी शिल्लक होतीच. त्या रात्रीच मी चार पानं लिहून काढली. सगळी पोलीस नको म्हणणारी.

मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आमच्या शाळेत एकदा एका शिक्षकांची सायकल हरवली आणि त्यांनी हवालदार बोलावला. हवालदारानं चौकशी वगैरे काही केली नाही. वस्तीतून येणारी तीन मुलं बाजूला काढली आणि मधली सुट्टी होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी केली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात निघाली. सरांनीच ती तिथं टाकली होती आणि विसरले होते. त्या तिघांतला एक पुन्हा शाळेत आला नाही. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की नवऱ्यानं उठून खिडकी लावली.

"पण आई," मुलगी म्हणाली, "कोच सेज बोथ साइड्स तयार करायच्या. साइड तासभर आधी टॉस करून कळते."

"टॉस? आपलं मत काय टॉस करून ठरवायचं असतं का?"

"इट्स डिबेट लाह, आई. मताचा काय संबंध?"

मी तिला मताचा काय संबंध असतो यावर वीस मिनिटं सुनावलं. जे पटत नाही ते बोलताना माणूस पडतो, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, वगैरे. आणि टॉस आपल्याच बाजूनं पडेल, एवढं काय! असं मी खरोखर म्हणाले. पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी मी तिला, आम्ही राहतो त्या बेडोकमधल्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत उभं करायचे. तिथं आवाज मस्त घुमतो. "समाज" म्हटलं की दोन्ही हात पसरायचे, "भीती" म्हटलं की आवाज खाली. बाकावर बसणारे चिनी आजोबा तिसऱ्या दिवसापासून खुर्ची आमच्याकडे वळवून बसायला लागले. मला वाटलं, बघा, परक्या माणसालाही भिडतंय. दुसऱ्या बाजूसाठी पोरीला शाळेत मधल्या वेळात जे काही टिपून घेता आलं, ते तीन छोट्या कार्डांवर मावत होतं.

सामना जुरोंग ईस्टजवळच्या एका शाळेत होता. शनिवारी सकाळी आम्ही तिघंही एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं निघालो. मी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, नवऱ्यानं फोन पूर्ण चार्ज केला होता, आणि मी डब्यात थालीपीठं घेतली होती ती कुणालाच खायची शुद्ध राहिली नाही. शाळेच्या दारातून आत गेलो तेव्हा टॉस झालेला होता. मुलगी जिन्यावर उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

आमची बाजू होती, पोलीस नेमावा.

"चार पानं," ती म्हणाली. "आई, माझ्या डोक्यात ती चार पानंच आहेत. दुसरं काहीच येत नाहीये." मी तोंड उघडलं. मला नाणं कुणी उडवलं ते विचारायचं होतं, नाणं परत उडवा म्हणायचं होतं. नवऱ्यानं माझा दंड धरला. कोच मॅडमनी तिला आत नेलं आणि पन्नास मिनिटं दार बंद होतं. मी त्या बंद दारासमोर फेऱ्या मारत होते. माझ्या शाळकरी ढालींच्या मस्तीपायी मी तिची एकमेव संधी घालवली होती, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही आतून वाटत होतं की मलाच बोलायचंय!

हॉल छोटाच होता. तीन परीक्षक, दोन टेबलं, पालकांच्या चार रांगा. पहिलं भाषण आमच्या संघाचं झालं, ठीक झालं. मग समोरच्या संघातली चष्मेवाली मुलगी उठली. काय बोलली ती! म्हणाली, शाळेत गणवेशातला माणूस बसवला की मस्तीचा गुन्हा होतो. म्हणाली, संशय कधीच सगळ्यांवर सारखा येत नाही, तो आधीच कोपऱ्यात असलेल्यांवर येतो. अहो, हे तर माझं दुसरं पान! मी मान डोलवत होते, पुटपुटत होते, आणि शेवटी मी चक्क टाळ्या वाजवायला लागले. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं. "आपली पोरगी दुसऱ्या टेबलावर आहे," तो म्हणाला.

मग आपली पोरगी उठली. तिच्या हातात ती तीनच कार्डं होती. पहिल्याच वाक्यात "समाज" आला आणि तिचे दोन्ही हात आपोआप पसरले. कुणीतरी खुदकन हसलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण ती थांबली नाही. अडखळत का होईना, पहिलं कार्ड संपलं, दुसरं संपलं. तीन मिनिटं झाली होती, आणखी तीन भरायची होती, आणि हातात एकच कार्ड.

या प्रकारात समोरच्या संघाला भाषणाच्या मधेच उठून प्रश्न विचारता येतो. चष्मेवाली उठली. तिनं विचारलं, "कमरेच्या पट्ट्याला बेड्या लटकवलेल्या पोलिसाला एखादं मूल असं काय सांगेल, जे ते स्वतःच्या आईला सांगणार नाही?"

हॉल हसला. मीही हसले, प्रश्नच तसा फक्कड होता.

मुलीनं कार्डाकडे पाहिलं. मग ते टेबलावर ठेवून दिलं.

"मी सांगितलंय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी वर्गातली काही मुलं माझा फोटो बिघडवून ग्रुपवर फिरवत होती. दोन महिने. मी आईला सांगितलं नाही. आई त्याच मिनिटाला शाळेत येऊन ऑफिसात ओरडली असती, आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गात मला जाऊन बसावं लागलं असतं, तिला नाही. आमच्या शाळेत वर्षातून एकदोनदा पोलीस ठाण्यातून एक बाई ऑनलाइन फसवणुकीबद्दल बोलायला येतात. त्या गेटकडे निघाल्या होत्या. मी मागे धावले. त्यांनी थांबून ऐकून घेतलं, आमच्या टीचरशी बोलल्या, आणि आठवड्यात ते बंद झालं. पण त्या नेमक्या त्या दिवशी शाळेत होत्या, हा योगायोग होता. आमचं म्हणणं एवढंच आहे की तो योगायोग असू नये."

ती इंग्रजीत बोलली, आणि सिंगापुरी मुलं बोलतात तसं भराभर, तरी मला शब्दन् शब्द कळला. चष्मेवाली खाली बसली. मला उठून ओरडून टाळ्या वाजवाव्याशाही वाटत होत्या आणि कुणी माझ्याकडे बघू नये असंही वाटत होतं. दोन महिने! दोन महिने ती माझ्यासमोर बसून वरणभात खात होती. मी तिला रोज विचारायचे, काय झालं शाळेत? ती म्हणायची, नथिंग. आणि मी पुढचं माझं सांगायला लागायचे.

उरलेली दोन मिनिटं ती कशी बोलली ते विचारू नका. हात कुठेही पसरले नाहीत, आवाज कुठं चढला नाही, आणि सगळ्यांनी ऐकलं. चष्मेवालीच्या मुद्द्यालाही तिनं बगल दिली नाही. संशय कोपऱ्यातल्यांवर येतो हे खरं आहे म्हणाली, म्हणून त्या माणसाला वर्गातून कुणाला उचलून नेण्याचा अधिकार नको, फक्त ऐकण्याचा हवा. मी लिहिलेल्या चार पानांत इतकं नीट वाक्य एक नव्हतं.

मुख्य परीक्षकांनी निकाल देताना तिला आधी झापलंच. स्वतःची गोष्ट हा पुरावा होत नाही, म्हणाले, एकाच्या अनुभवावर सगळ्या देशाच्या शाळांचा नियम करत नाहीत. मी उठणार होते, नवऱ्याचा हात परत माझ्या दंडावर. मग ते म्हणाले, पण योगायोगाचा मुद्दा गोष्टीशिवायही उभा राहतो, आणि तो कुणालाच खोडता आला नाही. दोन विरुद्ध एक. आम्ही जिंकलो! मी किंचाळले. या वेळी नवराही किंचाळला. कोच मॅडम मुलीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "जागा तुझी. फक्त ते हात पसरणं बंद कर." मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती, लहानपणी मारायची तशा.

परत येताना मेट्रोत आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. रॅफल्स प्लेस स्टेशनला नवरा उतरला, त्याच्या बँकेत शनिवारी सिस्टिमचं काम निघालं होतं. दार बंद झालं आणि माझ्या तोंडून निघालंच, "कोण होती ती कार्टी? नावं सांग मला. सोमवारी सकाळी मी..."

समोरच्या बाईनं फोनमधून मान वर केली. मुलगी हसत होती ती थांबली.

"सी?" ती हळूच म्हणाली. "दिस इज व्हाय."

मी गप्प बसले. माझ्यासाठी हे किती अवघड होतं ते माझ्या घरच्यांना विचारा. सिटी हॉल गेलं, बुगिस गेलं. शेवटी मी विचारलं, "त्या पोलीस बाईंनी तुला काय सांगितलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "त्यांनी आधी सगळं ऐकलं. मी संपेपर्यंत."

"मग मलाही सांग," मी म्हणाले. "मी मधे बोलणार नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग सुरुवात केली, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, फोटो कुणी काढला तिथपासून. दोनदा माझ्या जिभेच्या टोकावर आलं, दोनदा मी गिळलं. कलांग, पाया लेबार, युनोस. आमचं बेडोक आलं, दारं उघडली, माणसं उतरली. ती बोलतच होती. मी उठले नाही, आणि गाडी आम्हाला घेऊन पुढं निघाली.