'बहुतेक' हा शब्द

संशोधकांच्या रेडिओवरच्या मुलाखती टायपिस्ट मावशी कानाला हेडफोन लावून शब्दन् शब्द उतरवून घ्यायच्या. मुंग्या, तारे, मेंदू, समुद्राच्या तळाचा चिखल; वीस वर्षांत काही म्हणून सुटलं नव्हतं. त्यातून एक खूणगाठ त्यांनी पक्की बांधली होती: माणूस जितका जाणकार, तितक्या वेळा तो 'बहुतेक' म्हणतो.

मुलाखतींचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा नव्या साहेबांना नेमका हाच शब्द खुपला. "मावशी, सगळे 'बहुतेक' उडवा. वाचताना कसं ठाम वाटलं पाहिजे!"

मावशी तडकल्या. "ती माणसं खरं बोललीत. त्यांच्या तोंडी खोटं घालायला मी नाही बसले इथे!"

तणतणतच त्या घरी आल्या. म्हाताऱ्या आईला हल्ली काही आठवत नसे. मावशी भरवायला बसल्या, तर आई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने त्यांची टायपिंगने चपटी झालेली बोटं एकेक करून चाचपली आणि हळूच म्हणाली, "तू माझी मुलगी आहेस. बहुतेक."

मावशींनी पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला. 'बहुतेक काय, नक्की!' असं त्या म्हणाल्या नाहीत. आईचं वाक्य त्यांनी होतं तसंच राहू दिलं.