पेन्शनीच्या ओट्यावर

मुंबईहून आलेली माणसं विचारतात, "काकी, तुम्हाला एवढे किस्से सुचतात कुठून?" सुचायला मी काय कीर्तनकार आहे? महाडच्या कचेरीत गेलं की 'पोलादपूरला जा', पोलादपूरला गेलं की 'महाडचा कागद आणा'. या येरझाऱ्यांत माणूस म्हातारा होतो अन् किस्से आपोआप साठतात! दुसरं काही साठलं नाही, हे साठले.

आमची सगळी मंडळी लढाईवरून परतलेली. तरुणपणी अंगात मुरलेल्या जखमा म्हातारपणी वर आल्या. सरकार म्हणालं, अपंग असाल तर डॉक्टरसाहेबाला दाखवा, पेन्शन मिळेल. साहेब पोलादपूरच्या बंगल्यावर यायचा. आम्ही बाहेर ओट्यावर बसायचो. आमच्या ह्यांच्या मांडीत लोखंडाचा तुकडा राहिला होता, आता तो पाय नुसता लाकूड झालेला. नांगर सुटला. मूलबाळ नाही. ही पेन्शन झाली तरच आमची चूल पेटणार होती.

*

गंगारामचे दोन्ही कान तोफेने गेलेले. साहेबाच्या शिपायाने आतून नाव पुकारलं. गंगाराम आपला ओट्यावर ढिम्म बसलेला. शिपायाने लिहून टाकलं, गैरहजर!

त्याची बायको चंद्रा आत घुसली. शिपाई म्हणाला, "हाका मारून माझा घसा बसला."

"त्याला ऐकू आल्या असत्या तर हितं कशाला आला असता रे, मेल्या?"

गैरहजर ते गैरहजरच राहिलं.

*

धोंडजीला धड काही दिसेना. साहेबाने भिंतीवरची अक्षरं दाखवली. "वाच."

"वाचायला येत नाय, साहेब."

"मग डोळे असून उपयोग काय?"

"त्येच तर सांगतोय, साहेब. उपयोग नाय!"

सगळा ओटा हसला. धोंडजी हसला नाही. परत जाताना माझ्या पदराला धरून चालत होता.

*

तुकारामची बोटं गेलेली. साहेब म्हणाला, "लढाईत गेली की भात कापताना विळ्याने, कशावरून ठरवू? साक्षीदार आण."

तुकाराम म्हणाला, "साक्षीदार बाजूलाच व्हता, साहेब. अजून तितंच पडलाय."

*

आमची वाडी कापडे गावाच्या वर, डोंगरात. ह्यांना झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, गावच्या चौघांनी आणलं. निघताना म्हाताऱ्या जाऊबाईंनी दम भरला, "चौघांनी खांद्यावरून नेलं असं कुठं बोलू नका रे! जित्या मानसाला तसं म्हनत नाय."

चौघे इतके धास्तावले की वाटेत 'खांदा बदल' सुद्धा म्हणेनात. "बाजू बदल रे, बाजू!"

बंगल्याशी पोचल्यावर झोळी जांभळीखाली लपवली. ह्यांना काखेत धरून साहेबासमोर बाकावर बसवलं.

"कसे आलात?"

"चालत, साहेब," हे म्हणाले.

"कापड्याच्या वरून? चालत?" साहेबाने चौघांकडे पाहिलं. चौघे आढ्यातली कौलं बघायला लागले! साहेबाने टाक उचलला.

मी कुणाच्या बापाला भिते? पुढे झाले. "खोटं बोलतायत हे. ह्यांना चौघांनी खांद्यावरून आणलंय!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. उभ्या संसारात तसं कधी पाहिलं नव्हतं.

"मी जित्ता असताना बोललीस गो?"

एवढंच. मग बाकाला रेटा दिला, भिंत धरली अन् उठले. पाय फरफटत, दाराला धरत, घामाने निथळत पायऱ्या उतरले. जांभळीखालच्या झोळीकडे ढुंकूनही न बघता रस्त्याला लागले.

साहेब खिडकीतून बघत होता. त्याने टाक दौतीत बुडवला अन् कागदावर एक ओळ लिहिली. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली मी. उलटं अक्षरसुद्धा मला लागतं.

"स्वतःच्या पायाने चालतो."