रडणाऱ्याची जागा

मामांच्या गाडीत पोरं मुद्दाम रडायची. आमच्या केडगावच्या शाळेत ज्यांची पोरं होती त्यांना हे सांगायला नको. शाळेच्या दोन जुन्या मिनीबस होत्या, एक मामांकडे आणि एक माझ्याकडे. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनावर मोठं झाकण असायचं, त्याला आम्ही बानेट म्हणायचो. थंडीत ते छान उबदार लागायचं आणि त्यावर बसलं की पुढचा सगळा रस्ता दिसायचा. मामांचा कायदा एकच होता, बानेटवर फक्त रडणाऱ्याने बसायचं. मग काय, रोज कुणीतरी डोळे चोळतच गाडीत चढायचं. पोरांनी त्यांचं नाव बानेटमामा पाडलं होतं. मला ती ‘ओ ड्रायव्हर’ म्हणायची.

मामा केडगावच्याच मुलाण्यांच्या घरातले. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, अंगाने काटकुळे, दाढी मेंदीने लाल केलेली. आधी सणसवाडीला एका कंपनीची बस चालवायचे, शिफ्टच्या कामगारांची. ती नोकरी सोडून पोरांची गाडी का धरली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “दत्तोबा, तिथं समदी गाडीत बसली की झोपायची. मागं माणसं हायती का पोती, कळायचं न्हाई. हितं रडत्यात तरी.” यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण स्टाफरूमच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईसुद्धा खळखळून हसल्या. मी तेच बोललो असतो तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

रडणारं पोर बानेटवर बसलं की मामा त्याच्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. खिडकीजवळचं पिवळं फडकं त्याच्या हातात द्यायचे आणि समोरच्या काचेकडे बोट दाखवायचे. पोर हुंदके देत काच पुसायचं. पुसता पुसता त्याला रस्त्यावरची मेंढरं दिसायची, उसाची ट्रॉली दिसायची, आणि रडं कुठल्या कुठे जायचं. “का रडतो असं इचारायचं न्हाई,” मामा म्हणायचे. “इचारलं का पोरगं कारण शोधाया लागतंय. मग रडू थांबतच न्हाई.” मला हे पटायचं नाही. मी आपला विचारायचो. काय झालं, कुणी मारलं, डबा विसरला का? पोर आणखीच भोकाड पसरायचं.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण माझी सोनाली शाळेत जायला लागली आणि माझ्या पोटात खऱ्या अर्थाने दुखायला लागलं. आम्ही खुटबावला राहायचो. तो रस्ता मामांचा, माझी गाडी दुसऱ्या बाजूच्या वस्त्यांवर जायची. तरी पहिल्या दिवशी मी तिला हौसेने माझ्याबरोबर नेलं. घरापासून शाळेपर्यंत ती रडली. मी विचारून विचारून दमलो. संध्याकाळी माझी गाडी आधी सुटणार होती, आणि ती काही केल्या पायरी चढेना. मामांनी तिला उचललं, बानेटवर बसवलं, फडकं दिलं. रात्री जेवताना पोरगी म्हणते, “पप्पा, मी उद्यापास्नं मामांच्या गाडीत.”

घरात ड्रायव्हर, दारात गाडी, आणि लेक रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी! बायकोला तर आयतंच सापडलं. “लेक तुमची, पर तिचा मामा न्हाई का पुढं बसवायला?” असं म्हणून ती पदराआड हसायची. मला मात्र एकच हवं होतं. एकदा तरी सोनालीने आपण होऊन माझ्या शेजारी येऊन बसावं.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. बायकोकडून गोधडी शिवून घेतली आणि माझ्या बानेटवर अंथरली. पिवळं फडकंही आणलं, मामांच्यापेक्षा नवं. पहिल्या दिवशी वस्तीवरच्या एका पोराला म्हटलं, “ये, बस पुढं.” ते म्हणालं, “मला न्हाई रडू आलं.” महिनाभर गोधडी तशीच राहिली, वरून धूळ आणि खालून ऑइल खात. शेवटी बायकोनेच ती काढून नेली आणि वर मलाच बोलली.

मग एकदा मामांना ताप आला आणि त्यांचा रस्ता मला करावा लागला. गाडी त्यांची, बानेट त्यांचं, फडकंही त्यांचंच. खुटबावच्या पुढे एक पोरगं हमसून हमसून रडत चढलं. थेट बानेटकडे आलं, वर बघितलं तर मी. त्याने रडणं गिळलं आणि गुपचूप मागे जाऊन बसलं. सोनालीही मागेच बसली होती. तिने त्याला आपल्या शेजारी जागा दिली. मी सगळं आरशात पाहिलं आणि शाळेपर्यंत गिअर खडाखडा टाकत गेलो.

पुढे मामांना मोतीबिंदू झाला आणि त्यांनी स्टिअरिंग सोडलं. ते जाताना पोरांनी रडून नुसता गोंधळ घातला, त्या दिवशी सगळ्यांनाच बानेटवर बसायचं होतं. मला म्हणाले, “आता खुटबाव तुजं. इचारू नको एवढंच कर.” मिळाला एकदाचा तो रस्ता! पण तोवर सोनाली मोठ्या शाळेत गेली होती, तिने सायकल घेतली होती. सकाळी मी गाडी घेऊन निघायचो आणि ती मला टाटा करून पुढे जायची.

ती बारावीला असताना मामा गेले. मातीला आम्ही पुरुष मंडळी गेलो, कब्रस्तानात मीही तीन मुठी माती टाकली. घरी येऊन गाडी अंगणात लावली, तर सोनाली घरातून आली, गाडीत चढली आणि माझ्या बानेटवर येऊन बसली. एवढी मोठी पोरगी, पाय दुमडून, लहानपणी बसायची तशी. आणि ढसाढसा रडायला लागली.

किती वर्षं मी त्या जागेवर तिची वाट पाहिली होती. आली ती अशी, आणि रडत होती मामांसाठी. खोटं कशाला बोलू, तेव्हाही जळलोच मी. मेलेल्या माणसावर जळलो.

ओठांवर आलेलं ‘काय झालं’ मी आत ढकललं. बानेट गार पडू नये म्हणून इंजिन पुन्हा चालू केलं आणि खिडकीजवळचं फडकं तिच्यापुढे धरलं.