सासऱ्यांची कमान

तिकीटबाई आणि त्यांचे यजमान यांची पहिली भेट ही त्या जुन्या महालाच्या इतिहासातली सर्वांत भीषण चकमक होती, असं बाई स्वतः सांगतात. तेव्हा त्या तिकीटबाई नव्हत्या. महालाच्या दुरुस्तीवर असलेल्या गवंड्याची मुलगी होत्या आणि बापाचा डबा घेऊन आल्या होत्या. यजमान तेव्हा कोणाचेच नव्हते. पडलेल्या कमानीच्या जागी नवी कमान चढत होती, ती आ वासून बघणारा तो एक रिकामटेकडा होता. एवढ्यात वरून चुन्याचं घमेलं निसटलं. आभाळ पांढरं झालं, कबुतरं देशोधडीला लागली, तिन्ही चौकांत अंधार पसरला आणि तो निवळला तेव्हा कमानीखाली एक पांढरा पुतळा उभा होता. पुतळा शिंकला. मग त्याने बोलायला तोंड उघडलं, ते आजवर मिटलेलं नाही.

अशा माणसाला जगात एकच धंदा जमतो. ते त्याच महालात गाइड झाले. बाई तिकिटाच्या खिडकीत बसल्या.

महाल खरोखरच अठरापगड माणसांनी बांधलेला. पाया एका राजाचा, फरशा दुसऱ्याच्या, जिने समुद्रापलीकडून आलेल्या सुतारांचे, काचा कुठल्याशा परागंदा कारागिरांच्या. सगळ्याचा मालक ठरलेला होता, फक्त कमान बेवारस होती. म्हणून गाइडसाहेबांनी ती राखीव ठेवली होती. बाई तिकीट फाडताना सहज विचारायच्या, "कुठून आलात?" उत्तर ऐकून खिडकीतूनच हाक मारायच्या, "अहो, डोंगराकडची मंडळी आली!" की आत कमान डोंगराकडच्या पूर्वजांची झालेली असायची. दुपारी ती किनाऱ्याकडच्यांची व्हायची. कमान जरा बुटकी होती. त्यावरही उत्तर तयार होतं: शत्रूला मान झुकवूनच आत यावं लागावं, ही तुमच्या पूर्वजांची अक्कल! पाहुणे अभिमानाने फुगायचे आणि त्या फुगलेल्या अवस्थेत कमानीला डोकं आपटून बाहेर पडायचे.

बाईंचं दुःख एवढंच, की कमान साऱ्या जगाला वाटून झाली, पण ज्याने बांधली त्याच्या वाट्याला कधी आली नाही. त्या म्हणायच्या, एकदा तरी माझ्या बापाचं नाव घ्या. गाइडसाहेब म्हणायचे, सासऱ्याने बांधलेलं बघायला कोण तिकीट काढतं?

मग बाईंच्या आईने हट्ट धरला. नवऱ्याने बांधलेली कमान म्हातारीने पुरी झालेली कधी पाहिलीच नव्हती. डबा आणणाऱ्या पोरी सोडल्या, तर कामगारांच्या बायकांना तेव्हा फाटकापुढे सोडत नसत. आदल्या दिवशी बाईंनी नवऱ्याला बजावलं, "आई येतेय. तिच्यासमोर तरी खरं बोला." त्यावर गाइडसाहेबांनी बघू म्हटलं. त्यांच्या भाषेत बघू म्हणजे नाही.

तेव्हा बाईंनी संसारातला पहिला फितुरीचा डाव टाकला. डोंगराकडची सहल आणि किनाऱ्याकडचं बारा जणांचं कुटुंब एकाच फेरीत आत सोडलं, हाक मारली नाही, आणि खिडकी बंद करून आईचा हात धरून मागोमाग निघाल्या.

कमानीखाली गाइडसाहेबांनी अंदाजाने किनाऱ्याचं नाव घेतलं. डोंगराकडचे एक काका पुढे आले. गेल्या वर्षी याच तोंडाने ही कमान आमची म्हणून सांगितली होती, असं ते म्हणाले. किनाऱ्याकडच्या आत्याबाईंनी काकांची अक्कल काढली. काकांनी आत्याबाईंच्या पूर्वजांची काढली. दोन्ही पक्ष गाइडसाहेबांकडे वळले. तो कधी न थांबणारा माणूस थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती.

म्हातारी मात्र काठी टेकत कमानीपाशी गेली आणि दगडावर हात फिरवू लागली.

"जावईबापू," ती म्हणाली, "ही एवढी बुटकी कशी हो झाली?"



"आई, ही माझ्या सासऱ्यांनी बांधली," गाइडसाहेब म्हणाले. "मी मध्येच येऊन उभा राहिलो. मला चुकवायला गेले आणि घमेलं सुटलं. चुना संपला, काम उरकायचं होतं, म्हणून एक थर कमी बसला."

"मला घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी," म्हातारी म्हणाली. "एक गाढव आडवं आलं म्हणाले. ते गाढव घरचंच निघालं, हे त्यांना नंतर कळलं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. नवऱ्याकडे पाहून त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाजल्या.

दोन्ही गटांनी मात्र कचेरीत तक्रार केली. पूर्वजांबद्दल नाही, कमानीच्या उंचीबद्दल. मोजमाप करायला माणूस आला.

आता त्या कमानीवर पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय: डोके सांभाळा.