मांडवात वाचलेलं मानपत्र

इंदूताई गेल्याचं त्यांच्या भाच्यानं, श्रीधरनं, फोनवर सांगितलं, तेव्हा पहिला विचार आला तो असा, की माझं माफी मागायचं राहिलंच... तीन आठवडे झाले, तो काही मनातून जात नाही.

बालीगंजमध्ये आम्ही शेजारी. ह्यांची बँकेतून इथं बदली झाली तेव्हा मला घरात करमेना. इंदूताई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. माझ्या वतीनं भाजीवाल्याशी भांडायच्या आणि वर मलाच दटावायच्या, "अगं, इथं राहायचं तर भांडण्यापुरतं तरी बंगाली शीक."

एका दुपारी लोडशेडिंगमुळे पंखा बंद, त्यांच्या गॅलरीत मटार सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, लढाईच्या दिवसांत तुम्ही काय करत होतात? त्या म्हणाल्या, "जपान्यांचे सांकेतिक निरोप यायचे, ते उलगडायचे. इंग्रजांच्या त्या लष्करी कचेरीत मी पहिली बाई. विमानं बॉम्ब टाकायला कधी निघणार, ते कधीकधी आधी कळायचं. कुणाला सांगणार नाही असं लिहून दिलंय मी. तूही बोलू नकोस." मी हो म्हटलं.

पण माझ्या मेलीच्या तोंडात तीळ भिजत नाही. गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. नुसतं 'आदर्श शिक्षिका' लिहायचं जिवावर आलं. एवढी मोठी बाई, लोकांना कळायला नको? सगळं लिहिलं आणि वाचलंही. टाळ्या थांबेनात. इंदूताईंनी शाल घेतली, नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता खाली उतरल्या. पुढं दोनदा गेले, तर दारातूनच "बरं आहे" म्हणाल्या. मग मलाही राग आला. चांगलं करायला गेले तर ही तऱ्हा, म्हणून मी जाणंच सोडलं. दोन वर्षं एकाच जिन्यावरून ये-जा केली आम्ही.

परवा भेटायला गेले तेव्हा श्रीधरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझे मामा, तिचे सख्खे भाऊ, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. बहीण इंग्रजांची चाकरी करते म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. ती शहरातली माणसं वाचवायला बसली होती हे कळलं असतं, तर धावत आले असते. त्यांच्या शेवटच्या आजारात ही उशाशी होती, तरी बोलली नाही." मग त्यानं विचारलं, "आणि तुम्हाला सांगितलं तिनं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मरणाऱ्या भावाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी माझ्यावर विसंबून सांगितली होती, आणि मी ती भर मांडवात वाचून दाखवली.